मंगळवारची मध्यस्थी

मंगळवारी दुपारी पावणेचारला मेणबाई बाकावरचा स्पिरिटचा दिवा विझवायची, नखांत अडकलेलं गुलाबी मेण टाचणीनं काढायची आणि शेजारच्या अक्काला म्हणायची, "येते गं, मंडळीचं काम आहे." अक्का मान वर न करता म्हणायची, "जा. देवाला माझा नमस्कार सांग." एकोणीस वर्षं हा संवाद असाच चालला होता, एका अक्षराचाही फरक नाही.

दोघी दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतून साचा व्हायचा आणि त्या साच्यावर मेणाची हिरडी करून एकेक दात बसवायचं काम मेणबाईचं. म्हणून हे नाव. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागत असेल. मेण जाऊन त्याजागी पक्का माल भरला, की कवळी अक्काकडे जायची. अक्का ती घासायची, कडा गोल करायची आणि फिरत्या चाकावर चकाकेपर्यंत पॉलिश करायची. मेणबाईनं लावलेला दात वाकडा असेल तर अक्का म्हणायची, "अगं, हा माणूस हसला तर पोरं पळतील." आणि अक्काची कड जाड राहिली तर मेणबाई म्हणायची, "आपलेच दात, आपलेच ओठ, पण सोलले तर दुखणारच ना!" अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

अक्का ज्यू होती. शनिवारी ती यायची नाही, रविवारी मेणबाई यायची नाही. मालकांचं काम अडू नये म्हणून दोघी एकमेकींची बाजू सांभाळायच्या. मालक म्हणायचे, "तुमच्या देवांनी सुट्ट्या वाटून घेतल्यात ते बरं केलं. दोघांनी एकच वार धरला असता तर माझं दुकान बसलं असतं."

मंगळवारचं ते मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम नेमकं काय, हे अक्कानं कधी विचारलं नाही आणि मेणबाईनंही कधी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. पण सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, मग उशीर झाला, आणि मग इतका उशीर झाला की सांगणं म्हणजे कबुलीजबाब देण्यासारखं वाटायला लागलं.

चर्चच्या मागे एक खोली होती. तिथं घडीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असायच्या, भिंतीवर लहान मुलांनी खडूनं रंगवलेली जहाजं आणि मेंढरं चिकटवलेली असायची, आणि कपाटातल्या कपांना नेहमी साबणाचा वास यायचा. त्या खोलीत दर मंगळवारी चार वाजता मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना व्हायची. मध्यस्थी कुणासाठी, तर ज्यू लोकांसाठी. जगभर विखुरलेलं ते राष्ट्र देवानं चारी दिशांनी गोळा करावं, त्यांना त्यांच्या वाडवडिलांच्या देशात परत न्यावं, त्यांची वाट सुरक्षित करावी. हा प्रार्थनागट सुरू केला मेणबाईच्या सासूबाईंनी. एके काळी बावीस माणसं यायची, खुर्च्या कमी पडायच्या. मग सासूबाईंचे गुडघे गेले, त्यांनी सुनेला सांगितलं, "मी जाईपर्यंत माझी जागा रिकामी ठेवू नकोस." सून त्या वेळी चाळिशीची होती. तिला वाटलं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. सासूबाई आता सत्त्याऐंशीच्या होत्या आणि रोज सकाळी लख्ख जाग्या होऊन चहा मागत होत्या.

बावीसमधली आता चार उरली होती. एक निवृत्त पोस्टमनभाऊ, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटून स्वतः मोजकं बोलणारे. दुसऱ्या शिवणबाई, शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, पण शिकवायची सवय न गेलेल्या. तिसरे घंटावाले आजोबा, ज्यांना घंटेनंच बहिरं केलं होतं. ते प्रार्थनेच्या मध्येच कधीतरी मोठ्यानं "आमेन" म्हणायचे आणि मग सगळ्यांना नव्यानं सुरुवात करावी लागायची. आणि चौथी मेणबाई.

खरं सांगायचं तर मेणबाई दमली होती. पहाटे पाचला उठून सासूबाईंना उठवायचं, न्हाऊ घालायचं, नवऱ्याचा डबा करायचा, सातला बाकावर बसायचं. डोळे दिवसभर तांदळाएवढ्या दातांवर लागलेले. मंगळवारी त्या खोलीत खुर्चीवर टेकलं की पाय म्हणायचे, झालं, आता आम्ही उठत नाही. तोंडानं प्रार्थना व्हायची, शब्द पाठ होते, पण मन कुठेच नसायचं. विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर संपावा, पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. शिवणबाई कागदावर लिहून आणायच्या, अमुक देशातून इतके गेले, तमुक देशातून तितके. मेणबाई मान डोलवायची आणि मनात म्हणायची, गेले तर बरं झालं बाई, सुखी राहोत.

ते आकडे म्हणजे माणसं आहेत आणि त्यांतलं एक माणूस आपल्या डाव्या हाताला बसतं, हा विचार ती मुद्दाम करत नसे.

*

एक दिवस अक्काच्या हातातली कवळी चाकावरून उडाली, भिंतीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्या वेळी खोलीत दोघीच होत्या. अक्का म्हणाली, "निसटली." मेणबाई म्हणाली, "निसटते कधीकधी." पण दोघींनाही माहीत होतं की सव्वीस वर्षांत ती कधी निसटली नव्हती.

त्यानंतर मेणबाईनं लक्ष ठेवलं. अक्काचा उजवा हात थरथरत होता. फार नाही, कपातला चहा हिंदकळेल इतकाच. पण पॉलिशच्या कामात तेवढंही खूप झालं. अक्का जेवायला उठली की मेणबाई तिच्या ट्रेमधल्या कवळ्या उचलून बघायची, जिथं कड राहिली असेल तिथं घासायची, जिथं ओरखडा असेल तिथं चाक फिरवायची आणि जागच्या जागी ठेवून द्यायची. असं जवळजवळ वर्ष गेलं. आधीच वाकलेल्या पाठीवर हे आणखी एक ओझं, पण हे तिला जड वाटलं नाही.

त्याच सुमारास अक्काच्या मुलाचे फोन वाढले. तो बारा वर्षांपूर्वी तिकडे, इस्राएलला गेला होता, एका रुग्णालयात एक्स-रे काढायचं काम करत होता. त्याची बायको गरोदर होती आणि पोटात जुळी होती. तो म्हणायचा, आई, आता ये. एकटी काय करतेस तिथं? आपल्या प्रार्थनामंदिरात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषसुद्धा जमत नाहीत म्हणे आता. कुणासाठी थांबलीस?

"कुणासाठी थांबलीस म्हणतो," अक्का चाक थांबवून म्हणाली. "मी काय बसस्टॉपवर उभी आहे? मी राहते इथं! माझा जन्म इथला, माझा नवरा इथल्या मातीत आहे. दूधवाल्याला माझा स्वभाव माहीत आहे. तिकडे जाऊन मी कुणाशी भांडू?"

"मग नको जाऊस," मेणबाई म्हणाली.

"नाहीच जाणार."

त्या मंगळवारी मेणबाईकडून एक चूक झाली. चूक म्हणजे, दमलेल्या माणसाकडून होते तशी, बोलून गेल्यावर कळणारी. शिवणबाईंनी विचारलं, "कुणाची काही खास विनंती?" आणि मेणबाई म्हणाली, "माझ्या बाकावरची अक्का. तिचा मुलगा तिला तिकडे बोलावतोय आणि तिचं मन होत नाही. तिच्यासाठी जरा..." पुढे काय मागायचं ते तिला सुचेना.

शिवणबाईंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! एकोणीस वर्षं आपण दूरदूरच्या देशांसाठी मागतो आणि प्रभूनं आपल्याच उंबऱ्यात एक आणून बसवली! तू आधी का नाही बोललीस गं?" त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं आणि मोठ्यानं प्रार्थना केली, की हे प्रभू, तुझ्या या लेकीचं कठीण झालेलं मन मऊ कर, तिचे पाय मोकळे कर, तिला घरी ने.

"आमेन," आजोबा वेळेवर म्हणाले. पोस्टमनभाऊंनीही हळूच म्हटलं. मेणबाईच्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही. तिला पहिल्यांदाच कळलं की आपण मागतो आहोत ते मिळालं, तर आपल्या डाव्या हाताचा बाक रिकामा होणार आहे.

*

पुढच्याच आठवड्यात शिवणबाईंची खालची कवळी तुटली. डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून त्या चौकशी करत थेट लॅबमध्ये आल्या. मेणबाई आत प्लॅस्टर कालवत होती. बाहेर अक्कानं त्यांना खुर्ची दिली, तुकडे हातात घेतले, जोडून पाहिले, म्हणाली, "अर्ध्या तासात होईल, बसा." शिवणबाईंनी वरचीही काढून ठेवली. तोंडाचं बोळकं झालं, पण बोलायचं थांबणार कसं? त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर शनिवारांना केलेल्या खुणा पाहिल्या आणि ओळखलं.

"तुम्हीच का अक्का?" त्या म्हणाल्या. "अहो, आम्ही तुमच्याफाठी प्रार्थना करतो! एकोणीफ वर्फं! दर मंगळवारी! ही मेणबाई फांगत नाही का तुम्हाला?"

"कसली प्रार्थना?" अक्का हसत म्हणाली. दातांशिवाय माणूस कितीही गंभीर बोललं तरी हसू येतंच.

"तुम्ही तुमच्या देफात परत जावं म्हणून! फगळे ज्यू परत जावेत म्हणून! आणि आता तुमचं नाव घेऊन मागतोय आम्ही, अक्कांचे पाय इथून निघू देत!"

मेणबाई आतून प्लॅस्टरचे हात घेऊन धावत आली तोवर सगळं बोलून झालं होतं. अक्काचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं. तिनं कवळी जोडली, घासली, पॉलिश केली. पाण्यात बुडवून, पुसून शिवणबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "दोन दिवस कडक काही खाऊ नका."

शिवणबाई गेल्यावर मेणबाई म्हणाली, "अक्का..."

"प्लॅस्टर घट्ट होईल तुझं," अक्का म्हणाली.

चार दिवस ती बोलली नाही. भांडणारी बाई बोलेनाशी झाली की खोलीला कान येतात. चाकाचा आवाज, चिमट्याचा आवाज, बाहेर मालक फोनवर बोलायचे तो आवाज. मेणबाईनं तीन ट्रे उलटे लावले, वरचे दात खाली. चौथ्या दिवशी दुपारी अक्कानं डबा उघडला, पुन्हा बंद केला आणि म्हणाली, "एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसून तू मला घालवायची प्रार्थना करत होतीस?"

"तुला नाही गं. तुझ्या लोकांना..."

"माझे लोक म्हणजे कोण? मी त्यांत नाही?"

मेणबाई टाचणीनं नखातलं मेण काढायला लागली.

"आम्हीही मागतो परतायचं," अक्का म्हणाली. "रोज मागतो. माझ्या आजोबांनी मागितलं, बाबांनी मागितलं. मीही मागते. पण मागून झालं की आम्ही कामाला लागतो. ते आमचं आणि देवाचं आहे. तुम्ही मध्ये कोण? मला सांग, खरं सांग. तुम्हाला आम्ही आवडतो म्हणून मागता, की आम्ही इथून उठलो की तुमच्या शास्त्रातलं काही खरं होणार म्हणून?"

"मला माहीत नाही," मेणबाई म्हणाली. हेच खरं होतं. "मला सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी जाते. मी तिथं बसते तेव्हा मला फक्त झोप येते, अक्का."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलला, हसण्यासाठी की रडण्यासाठी ते कळलं नाही. "निदान खोटं तरी बोलली नाहीस," ती म्हणाली आणि डबा उघडला.

*

दोन दिवसांनी रविवार होता. उपासनेहून आल्यावर मेणबाईनं सासूबाईंच्या पायांना तेल लावायला घेतलं. म्हातारीची नडगी हातात घेऊन तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्ही हे कशासाठी सुरू केलं? मंगळवारचं?"

"इतक्या वर्षांनी विचारतेस?"

"आधी वेळ नव्हता."

सासूबाईंनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी नवी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरात राहायचो. वरच्या मजल्यावर. समोर एक ज्यू कुटुंब होतं. तो चष्मे दुरुस्त करायचा. ती माझ्याच वयाची. तिला पहिलं मूल झालं तेव्हा मी टोपडं विणून दिलं होतं. एक दिवस दुपारी गल्लीत माणसं जमली. काहीतरी अफवा होती, काय ते आजही मला माहीत नाही. त्यांच्या खिडक्या फोडल्या. ती दोघं बाहेर आली, एक बोचकं आणि ते बाळ. तिनं वर पाहिलं. माझ्या खिडकीकडे. ओरडली नाही गं, हाक मारली नाही. नुसतं पाहिलं."

मेणबाईचा हात थांबला.

"मी पडदा ओढला," सासूबाई म्हणाल्या.

तेल नडगीवरून ओघळून पलंगावर आलं तरी कुणी पुसलं नाही.

"कुठे गेली ती?"

"कुणास ठाऊक. मी तेव्हापासून मागते. की ती जिथं असेल तिथं तिला एक दार असावं, जे कुणी तोंडावर लावणार नाही. जायचंच असलं तर जायला हक्काची जागा असावी. बायबलमध्ये ते परत येतील असं लिहिलंय, ते मला फार नंतर कळलं. मला बरं वाटलं, की देवाच्याही मनात तेच आहे." त्या थांबल्या. "जा म्हणून मी कुणाला म्हटलं नाही हो कधी. ते त्या शिवणाऱ्या बाईचं. तिला प्रत्येक गोष्टीला काठ शिवायची सवय आहे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू पडदा ओढणाऱ्या बाईच्या हातचा चहा घेतला असतास?"

मेणबाईनं तेलाची बाटली बंद केली. ती उठली, तेलाचे हात धुतले आणि चहा टाकला. दोघींनी एकेक कप घेतला. फार गोड झाला होता, तरी दोघींनी संपवला.

सोमवारी तिनं ही सगळी गोष्ट अक्काला सांगितली, काही न गाळता. ट्रेमधल्या कवळ्या घासण्याचीसुद्धा कबुली देऊन टाकली. एकदा घरच झाडायला काढलं की कोपरा कशाला सोडायचा?

"ते मला माहीत होतं," अक्का म्हणाली. "तू कडा माझ्यापेक्षा पातळ करतेस. मी आंधळी नाही, फक्त हात गेलाय." मग तिनं चाक पुसून घेतलं. "तुझ्या सासूला सांग, त्या बाईनं तिला केव्हाच माफ केलं असेल. किंवा नसेलही. दोन्ही शक्य आहे. पण टोपडं तिनं नक्की ठेवलं असणार."

*

महिन्याभरानं अक्कानं मालकांना सांगितलं की ती काम सोडते आहे. मेणबाईला तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "तुमच्या प्रार्थनेनं नाही हं," ती बोट दाखवून म्हणाली. "हात गेला म्हणून. आणि त्या पोरीला जुळी होणार आहेत, तिची आई नाही. आणि मला जिने चढवत नाहीत. शिवणबाईंना सांग, श्रेय घेऊ नका."

"सांगते."

"नको, मीच सांगते. या मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर."

आणि ती आली. पावणेचारला दोघींनी मिळून दिवा विझवला. खोलीत पाऊल टाकताच अक्कानं जहाजं आणि मेंढरं पाहिली, म्हणाली, "मेंढरांना पाच पाय आहेत." पोस्टमनभाऊंनी उठून खुर्ची उघडून दिली. शिवणबाई इतक्या गोंधळल्या की एरवी तोंडानं न थांबणारी बाई तीनदा "बसा" एवढंच म्हणाली.

"मी प्रार्थनेला नाही आले," अक्का म्हणाली. "माझी माझ्या ठिकाणी होते. मी बघायला आले, माझ्यामागे माझ्याबद्दल काय बोलता ते. मी जाते आहे तिकडे. पुढच्या महिन्यात."

शिवणबाईंनी हात छातीशी नेले. "प्रभूची स्तुती असो!"

"थांबा," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सव्वीस वर्षं मशिनच्या घरघरीच्या वर बोललेला आवाज तो. "मला जायचं नाहीये. मला जावं लागतंय. हे दोन वेगळे आहेत. तुम्ही आनंद केलात तर मला वाटेल की मी गेले म्हणून तुम्ही खूश आहात. मी घर रिकामं करतेय. नवऱ्याची कबर कोण बघणार मला माहीत नाही. या वयात नवी भाषा शिकायचीय, आणि माझ्या तोंडात अजून माझेच दात आहेत, एवढीच त्यातल्या त्यात सोय."

कुणी हसलं नाही, मग आजोबाच हसले. त्यांना एवढंच ऐकू आलं असावं.

"मागायचंच असेल तर हे मागा," अक्का पुढे म्हणाली. "की मला तिथं करमू दे. माझा मुलगा म्हणतो, तिथं हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघरात धावावं लागतं. आणि सीमेच्या कुंपणापलीकडेही आयाच आहेत, त्यांच्याकडे तर तळघरसुद्धा नाही. तिथं जाऊन मी कुणाचं दार बळकावून बसणार असेन तर ते मला बघवणार नाही. तेही मागा. तुमच्या वहीत लिहायला जागा असेल तर."

शिवणबाईंची पेन्सिल वहीवर थांबली होती. त्यांना हे पटलं होतं असं नाही. त्या म्हणाल्या, "पण वचन असं आहे की..." आणि तिथंच थांबल्या. मग खाली वाकून, हळूहळू, शाळेत फळ्यावर लिहावं तशा अक्षरात त्यांनी ते सगळं लिहून घेतलं.

प्रार्थना पोस्टमनभाऊंनी केली. ते कधीच करत नसत. उभे राहिले, टोपी हातात धरली आणि म्हणाले, "देवा, या बाई जातायत. पत्ता तुला माहीत आहे. नीट पोचव. मागे जे राहतील त्यांनाही बघ. तिथं जे आधीपासून आहेत त्यांनाही बघ." आणि बसले.

"आमेन," मेणबाई म्हणाली. अक्कानंही म्हटलं, सवयीनं. तो शब्द मुळात हिब्रू, तिच्या घरचाच होता.

*

एका सकाळी अक्का गेली. विमानतळाच्या बसपर्यंत मेणबाई गेली होती. दोन बॅगा, एक उशी. "उशी कशाला गं?" "तिकडच्या उश्या कशा असतील कोण जाणे." एवढंच बोलणं झालं. बस निघाली तेव्हा अक्का खिडकीशी नव्हती, ती पलीकडच्या बाजूला बसली होती आणि ड्रायव्हरशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. मेणबाई तिथून थेट कामावर गेली आणि तिनं त्या दिवशी एकही दात वाकडा लावला नाही.

मालकांनी पॉलिशला एक नवीन मुलगी घेतली. हात चांगला होता तिचा, फक्त कानात सदैव गाणी. मेणबाई काही बोलली की ती "अं?" म्हणायची.

अक्काचे फोन यायचे, दुपारच्या जेवणाच्या वेळी. जुळ्या मुली झाल्या. एकीचं नाक अक्काचं. "बिचारी," अक्का म्हणाली. भाषेच्या वर्गात ती सगळ्यांत म्हातारी. "आणि ऐक गंमत. जन्मभर तिथं मला सगळे म्हणायचे, तिकडची. आता इथं आले तर म्हणतात, तिकडची. मी म्हटलं, बाबांनो, एकदा ठरवा." एक दिवस बोलता बोलता मागे भोंगा वाजला, फोन बंद झाला. मेणबाई फोन हातात धरून वीस मिनिटं तशीच बसली. नवीन मुलीनं कानातलं काढून विचारलं, "काय झालं, मावशी?" मग फोन आला. अक्का म्हणाली, "काही नाही, तळघराचे जिने. गुडघ्यांची वाट लागली. शेजारीण रडत होती, तिला धरून बसले. रडण्याला भाषा लागत नाही हे बरं आहे."

हिवाळ्यात सासूबाई गेल्या, दुपारी, चहाची वाट बघत. आता जागा रिकामी न ठेवायचं वचन मेणबाईवर राहिलं नव्हतं. मंगळवार आला तेव्हा नवरा म्हणाला, "आता घरी ये की लवकर. जरा पाठ टेक." तिलाही तसंच वाटलं. पाठ खरंच टेकवावी इतकी दुखत होती.

तरी ती गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. देवाच्या मनात काय आहे हे तिला कळलं होतं असं नाही, शिवणबाईंच्या वहीवर तिचा विश्वास वाढला होता असंही नाही. पण आता त्या प्रार्थनेत जिने होते, दुखरे गुडघे होते, दोन तान्ह्या मुली होत्या, रडणारी एक शेजारीण होती आणि कुंपणापलीकडच्या आया होत्या, ज्यांची नावं माहीत नसल्यामुळे त्यांच्यासाठी थोडं जास्त वेळ थांबावं लागत होतं. राष्ट्रासाठी मागताना तिला झोप यायची. आता झोप येते म्हणून मागणं सोडून देता येत नव्हतं.

आजोबा दिसेनासे झाले होते, छातीत कफ झाला होता. शिवणबाई कफाचा काढा घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. खोलीत पोस्टमनभाऊ आणि मेणबाई दोघंच. भाऊ म्हणाले, "तू सुरू कर." तिनं डोळे मिटले. अक्काचं नाव घेतलं, दोन मुलींचं घेतलं, शेजारणीपाशी आली, आणि तिथंच कुठेतरी शब्द विरघळत गेले. मान छातीवर आली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं होतं. अंगावर भाऊंचा कोट होता. भाऊ समोरच्या खुर्चीवर, टोपी हातात धरून, ओठ हलवत बसले होते.

"अगं बाई, झोपले का मी? किती वाजले?"

"पाच होऊन गेले," भाऊ म्हणाले. "झोप तू. तुझं राहिलेलं मी मागितलं."

"शेजारणीपर्यंत आले होते."

"तिथूनच पुढे धरलं," भाऊ म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. मेणबाईनं कोट खांद्यावर ओढून घेतला आणि ती बसून राहिली.